पन्हाळ्याहून उलट्या वाटेनं

आधी १७४५ च्या सुमारास पन्हाळ्यावर चला. जुलै आहे. तीन दरवाजातून ढग आत शिरलाय आणि चार पावलांवरचा माणूस दिसत नाही. तुमच्या डोक्यावरच्या इरल्यातून पाणी निथळतंय, पायाखालचा दगड शेवाळानं निसरडा झालाय. गड या वेळी करवीरकरांची राजधानी आहे. ती खाली कोल्हापुरात उतरायला अजून सदतीस वर्षं आहेत. एका ओसरीवर तुम्ही टेकता. आत केशव आणि गणेश या पाध्ये बंधूंकडं शिकणारी मुलं संथा म्हणताहेत. त्यांतलं एक पराडकरांचं पोर पुढं मोरोपंत म्हणून गाजणार आहे, पण आज आपलं त्याच्याशी काम नाही. काम आहे ते कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या नकलनविसाशी.

त्याच्या डाव्या हाताला मूळ पोथी आहे, उजवीकडं कोरा कागद. बोरू दौतीत बुडतो, चार शब्द उतरतात, पुन्हा बुडतो. जरा वाकून बघा. मूळ ओळीत ‘घन’ आहे आणि त्यानं ‘धन’ लिहिलंय. डोळ्याला डुलकी लागली असावी, किंवा बाहेरच्या अंधारानं घात केला. दोन ओळी पुढं त्याची आणखी एक चूक होते. ती मात्र त्याला दिसते. तो पिवळी हरताळ लावतो, ती वाळू देतो आणि वर बरोबर अक्षर काढतो. ‘धन’ तसंच राहतं.

पुढच्या वर्षी कागलचा कुणी याच पोथीवरून नक्कल करील. तो ‘धन’ इमानदारीनं उतरवून घेईल आणि वर स्वतःची एक चूक घालील. त्यावरून मिरजेचा कुणी तिसरी. शंभर वर्षांनी या सगळ्या पोथ्या एका सतरंजीवर मांडा. ज्यांत ज्यांत ‘धन’ आहे त्या सगळ्यांचं मूळ या ओसरीवर. ज्यांत कागलची चूकही आहे, त्या त्यातल्या धाकट्या शाखेच्या. एकाही पोथीवर लेखकाचं नाव नसलं तरी वंशावळ काढता येते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, तेव्हा त्यांना चुका काढून टाकायच्या होत्या. आपल्याला उलट, चुकाच हव्या आहेत.

आता २०२५ च्या डिसेंबरात या. जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात पन्हाळाही आहे. त्यामुळं सज्जा कोठीपाशी गाड्या लावायला जागा नाही आणि झुणका-भाकरीवाल्यांना बोलायला उसंत नाही. तुम्ही वर थांबू नका. तालुक्यातल्या एका खालच्या गावातून एक बाई एस.टी.नं कोल्हापूरला निघालीय, तिच्या मागच्या बाकावर बसा. ही बाई मी मनानं उभी केलीय. तिच्यामागं कुणी खरी व्यक्ती शोधू नका. तिच्या पिशवीत गोळ्यांची बाटली आहे, लेबल खरवडून काढलेली. एच.आय.व्ही.वरची ही गोळी ती वर्षानुवर्षं घेतेय. गेल्या पावसाळ्यात भातलावणीच्या धबडग्यात बरेच दिवस चुकले आणि दोन तपासण्या झाल्या तरी रक्तातला विषाणू खाली येईना. म्हणून कोल्हापुरातल्या ए.आर.टी., म्हणजे एच.आय.व्ही.च्या औषधांच्या, केंद्रावर आज तिचं जादा रक्त काढतात, जांभळ्या टोपणाच्या नळीत. विषाणूची अक्षरं वाचायची आणि कुठल्या औषधाला तो दाद देत नाही ते बघायचं, एवढाच हेतू.

पण तीच अक्षरं आपली पोथी आहेत. एच.आय.व्ही.चा सगळा मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा. प्रयोगशाळा तो ए, सी, जी, टी या चारच अक्षरांत लिहून देते. माणसाच्या पेशीत शिरल्यावर हा मजकूर उतरवून काढणारं एक विकर असतं, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. हा लेखनिक झपाट्यानं लिहितो आणि त्याच्यापाशी हरताळ नाही. लिहिलेलं तपासून दुरुस्त करण्याची सोयच त्याच्यात नाही. लाखभर अक्षरांत एक ते तीन चुका, म्हणजे दर काही प्रतींमागं एक चुकीची प्रत. औषध नसलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला हजार कोटींच्या आसपास नवे विषाणू तयार होतात. बहुतेक चुका तिथंच मरतात, पण काही टिकतात आणि पुढच्या माणसात जातात. औषधांच्या तपासणीत ‘पोल’ नावाचं जनुक वाचतात. त्यात दरवर्षी हजार अक्षरांमागं साधारण दीड-दोन अक्षरं बदलतात. बदलाचा वेग असा बऱ्यापैकी ठरलेला असल्यानं दोन नमुन्यांतली बदललेली अक्षरं मोजली, की ते एकमेकांपासून केव्हा वेगळे झाले त्याचं साल काढता येतं.

तर नळीतली ती ओळ हातात घ्या आणि मागं चालायला लागा. या प्रवासाला पुढचं तिकीट नाही, फक्त मागचं आहे. चालता चालता कधीतरी दुसऱ्या कुणाच्या नमुन्याची वाट येऊन तुमच्या वाटेला मिळते. तिथं दोघांच्या विषाणूंचा पूर्वज एक. तिला आपण गाठ म्हणू.

पहिली गाठ लागते २००१ च्या आसपास. धुकं आहे. गाठीपाशी काय दिसतं? साल दिसतं, थोडं मागंपुढं. दुसऱ्या वाटेचा नमुना कुठला ते माहीत असलं तर जागेचा अंदाज येतो; समजा, पुणे-बंगळूर महामार्गावरचं एखादं ट्रक थांबायचं गाव. तुम्ही डोळे ताणून माणसाचा चेहरा शोधता. चेहरा नाही. या दोन वाटांच्या मध्ये आणखी पाच माणसं असू शकतात, ज्यांचं रक्त कुणी कधी घेतलंच नाही. त्यातली काही आता हयात नसतील. कुणाकडून कुणाकडं, हेही गाठ सांगत नाही. वाट दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते.

मग या गाठींचा उपयोग काय? उपयोग आहे तो त्यांच्या दाटीत. एखाद्या काळात सगळ्या मुलखात मिळून शंभरच बाधित माणसं असतील, तर मागं चालणाऱ्या दोन वाटांना एकमेकींपासून फार काळ लांब राहताच येत नाही. त्या लगेच भेटतात. बाधित लाखांत असतील, तर वाटा वर्षानुवर्षं एकमेकींना न भेटता समांतर चालतात. म्हणजे गाठी कुठं दाट आहेत आणि कुठं विरळ, यावरून त्या त्या काळी साथ केवढी होती हे आजच्या मूठभर नमुन्यांवरून मागं मोजता येतं. हे गणित जॉन किंगमन या इंग्रज गणितज्ञानं १९८२ साली मांडलं. त्याच्या डोक्यात एच.आय.व्ही. नव्हता, त्या विषाणूला अजून कुणी ओळखतही नव्हतं. विषाणूंचं वंशवृक्षशास्त्र आणि साथींचं गणित यांची सोयरीक २००४ मध्ये ‘सायन्स’मधल्या एका लेखानं जमवली. तेव्हापासून संगणकाला नमुने आणि त्यांच्या तारखा द्यायच्या, तो लाखो शक्य वंशवृक्ष चाळतो आणि साथीच्या वाढीची रेघ काढून देतो, खालीवर किती चुकू शकतं त्या पट्ट्यासकट. तो पट्टा कापून नुसती रेघ छापणाऱ्या वर्तमानपत्रांवर माझा राग आहे, पण ते असो.

एक धोका इथंच सांगून ठेवतो. सगळे नमुने एकाच दवाखान्यातून आले असतील, तर संगणकाला वाटतं जग तेवढंच. पन्हाळ्याच्या बुरुजावरून जेवढं दिसतं तेवढाच महाराष्ट्र, असं कुणी म्हणावं तसं. साधी माणसं मोजतानाही हा फटका बसतोच. भारतात ५७ लाख बाधित आहेत, असं एकेकाळी सांगितलं जायचं. २००७ मध्ये घरोघरच्या पाहणीतलं रक्त तपासून आकडा पुन्हा मांडला, तर तो २५ लाखांवर आला. निम्म्याहून जास्त माणसं कागदावरच आजारी होती. गर्भवतींचे आणि गुप्तरोगांचे दवाखाने धरून केलेली मोजदाद गल्लत करते, तर विषाणूची अक्षरं वेगळीच गल्लत करतात. दोन साक्षीदार वेगवेगळ्या कारणांनी चुकणारे असले, की त्यांच्या जबानीत जे जुळतं त्याला वजन येतं.

चालत राहा. १९९६ मध्ये सांगलीवरून जाता. गोकुळनगरात बायका स्वतः निरोधची पाकिटं वाटताहेत. मीना शेषू यांची ‘संग्राम’ संस्था १९९२ पासून इथं आहे आणि त्यातूनच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिलीय. या बायकांना साथीचं गणित कुणी शिकवलं नव्हतं. गिऱ्हाईक कुठून येतं, कुठं जातं आणि घरी कुणाकडं परततं, हे त्यांना आमच्या कुठल्याही संगणकापेक्षा बरं ठाऊक होतं.

आता पुणे. १९९३ ते ९६. इथं जरा थांबू, कारण मराठी मुलखातली या विषयातली मोठी गोष्ट इथलीच आहे आणि ती आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, ‘नारी’, नुकतीच सुरू झालीय. तुम्ही शहरातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यात बाकावर बसता. शेजारी एक नवी नवरी आहे, हातात हिरवा चुडा. तिला इथं का आणलंय ते तिला नीट माहीत नाही. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात या दवाखान्यांत आलेल्या बायकांचं रक्त तपासताहेत. देहविक्री करणाऱ्या बायकांमध्ये जवळजवळ निम्म्या बाधित निघतात, ते अपेक्षित होतं. पण ज्यांनी असलं काही कधी केलेलं नाही, ज्या बहुतेक लग्नाच्या आणि एका नवऱ्याच्या, त्यांच्यातही १३.६ टक्के. हे १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. या बायकांना धोका फक्त नवऱ्याचा होता.

याच काळात पुण्याच्या दवाखान्यांतून नुकतीच लागण झालेल्या सहा जणांचे विषाणू घेऊन कविता लोळे आणि सहकाऱ्यांनी त्यांची अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. रमेश परांजपे, दीपक गडकरी आणि अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्सचे स्टुअर्ट रे ही मंडळी त्यात होती. नमुन्यांच्या नावातच साल आणि देश असतो. त्यातल्या ‘९५ आयएन २१३०१’ या नमुन्यापाशी चला. काचेचं दार ढकलून आत या; पडद्यावर एक आलेख उमटतोय. आडव्या रेषेवर विषाणूची नऊ हजारांवर अक्षरं. उभ्या रेषेवर, तो कुणाशी किती टक्के जुळतो. दोन रेघा आहेत, एक एच.आय.व्ही.च्या सी या उपप्रकाराची, एक ए या उपप्रकाराची. पाच नमुन्यांत सी ची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत वर राहिली होती. या सहाव्यात ती बराच वेळ वर असते, मग अचानक खाली कोसळते आणि ए ची वर चढते. पुढं पुन्हा अदलाबदल. म्हणजे नकलनविसानं लिहिता लिहिता मूळ पोथीच बदलली होती. काही अध्याय एका पोथीतून, काही दुसऱ्या. एका माणसाच्या एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले आणि लेखनिक एकावरून उडी मारून दुसऱ्यावर गेला, तरच हे होतं.

अशी उडी गणिताला मोठी अडचणीची. अशा विषाणूला एक वंशावळ नसते, तुकड्यागणिक वेगळी असते. सगळी अक्षरं एकत्र करून झाड काढलं, तर ते झाड खोटं. त्यासाठी आधी उडी शोधावी लागते. ती शोधायला रे यांनी वापरलेल्या संगणक-प्रणालीचं नाव ‘सिमप्लॉट’. १९९९ च्या ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’मधला पुण्याच्या नमुन्यांचा तो लेख पुढं जगभर या प्रणालीचा दाखला म्हणून देण्यात येऊ लागला. कोविडच्या काळात करोना विषाणूची कुळी शोधणाऱ्यांनीही सिमप्लॉटच चालवलं. चीनमधल्या वटवाघळाच्या विषाणूवरच्या लेखाखाली पुण्याचा दाखला मिळतो, ही गंमत मला अजून शिळी झालेली नाही.

दार ओढून घ्या, पुढं, म्हणजे मागं, निघू. १९८६. चेन्नईत निर्मला नावाची एक विद्यार्थिनी डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या सांगण्यावरून सुधारगृहातल्या बायकांचं रक्त गोळा करतेय. सगळे तिला वेड्यात काढतात. भारतात हा रोग येईलच कसा, आपल्याकडं घराण्याची चाल आहे, नीती आहे. नमुने वेल्लोरला तपासले जातात आणि सहा बाधित निघतात. देशातली ही पहिली नोंद.

पण तुमच्या हातातली ओळ १९८६ ला थांबत नाही. उलट इथून मागं गाठी दाट होत जातात. दर वर्षी दोन वाटा मिळतात, मग चार. मागं जाताना दाटणाऱ्या गाठी म्हणजे पुढं येताना झपाट्यानं फुटणाऱ्या फांद्या. भारतातल्या नमुन्यांवर केलेल्या अभ्यासांत साथीची रेघ इथंच उभी चढते, ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या बऱ्याच भागात, आणि मग सपाट होते.

१८ जानेवारी १९८२. तुम्ही लालबागच्या नाक्यावर आहात. गिरण्यांचा भोंगा झाला, पण आत कुणी गेलं नाही. दत्ता सामंतांचा संप सुरू झालाय, अडीच लाख कामगार बाहेर. तुमच्या शेजारी पन्हाळा तालुक्यातला एक जण ट्रंक घेऊन उभा आहे. गावकीच्या खोलीत वीस जणांत त्याची वळकटी पसरायची जागा होती, खानावळीचं कार्ड होतं, बायको गावी. आता तो महालक्ष्मी एक्स्प्रेसनं घरी निघालाय. इथं लेखकाच्या हाताला खाज सुटते. गिरण्या बंद पडल्या, माणसं गावी परतली, आजार गावोगाव गेला: कथा कशी ठाशीव होते! पण ती लिहायला झाड आधार देत नाही. गाठींवर गिरणीचं नाव नाही. झाड एवढंच म्हणतं की त्या दशकात विषाणूला नवी माणसं भराभर मिळत होती. मुंबई, महामार्ग, गावी परतणारा नवरा, हे सगळं आपण इतर पुराव्यांवरून त्याला जोडतो. जोडावंच लागतं, फक्त कुठला टाका झाडाचा आणि कुठला आपला, ते वाचणाऱ्याला सांगायला हवं.

आणखी मागं. आता वाटा इतक्या भराभर मिळताहेत की मोजता येत नाहीत. कोल्हापूरची, चेन्नईची, कोलकात्याची, बंगळूरची. सत्तरच्या दशकात तुम्ही पोहोचता, काही अभ्यासांच्या मते साठच्या दशकाच्या अखेरीस, आणि बघता तर काय, तुमच्या बाजूला कुणीच उरलेलं नाही. एकच वाट. भारतातल्या लागणीतला फार मोठा भाग सी या उपप्रकाराचा आहे, आणि इथले सी विषाणू जवळजवळ सगळे एकाच शाखेवर बसतात. कोलकात्यातल्या नमुन्यांवर २००१ मध्ये झालेल्या कामात हे दिसलं, २०१२ मध्ये उज्ज्वल नियोगी आणि सहकाऱ्यांनी अधिक नमुन्यांवर सालं काढली. लाखो माणसं, आणि खोड एक. बाहेरून इथं रुजण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कदाचित एकच. या खोडाचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात सापडतात.

हे दृश्य नीट बघून घ्या. वर्ष १९७२ धरा. महाराष्ट्रात दुष्काळ पडलाय, रोजगार हमीची खडी फुटतेय. एड्स हे नाव अस्तित्वात नाही. अमेरिकेतल्या पहिल्या पाच रुग्णांचं टिपण ५ जून १९८१ ला येणार आहे. आणि कुठल्यातरी माणसाच्या रक्तात आपल्या त्या बाईचा विषाणू, म्हणजे त्याच्या पूर्वजाचा पूर्वज, आताच भारतात पोहोचला असेल. ना ताप, ना पुरळ. पहिली नोंद होईपर्यंत त्याला दहा-पंधरा वर्षं मोकळं रान मिळणार आहे.

यापुढचा रस्ता लांबचा आहे, पण मी तो भरभर नेतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागातून कांगोच्या खाणींचा मुलूख, तिथून आगगाडीनं लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचं किन्शासा. बेल्जियन वसाहतीतली रेल्वे. १९४० चं दशक संपता संपता वर्षाला दहा लाखांवर माणसं या शहरातून रेल्वेनं जात-येत होती. वाटेत दोन मैलाचे दगड लागतात. १९६० मधल्या लसिका ग्रंथीचा मेणात बुडवलेला तुकडा आणि १९५९ मधलं रक्त, दोन्ही किन्शासाचे. या दोघांतली अक्षरं वाचली आणि घड्याळाचा काटा बरोबर चाललाय ना, ते ताडता आलं. त्यावरून मायकेल वोरोबी यांनी २००८ मध्ये एच.आय.व्ही.च्या साऱ्या मुख्य वंशाचं मूळ १९०८ च्या आसपास, १८८४ ते १९२४ च्या पट्ट्यात, ठरवलं. २०१४ मधल्या कामानं ते १९२० च्या जवळ आणि किन्शासात आणून ठेवलं. त्याही मागं आग्नेय कॅमेरूनचं जंगल, चिंपांझी, आणि शिकार सोलताना हाताला झालेली कुणाची तरी जखम. तेव्हा कोल्हापुरात शाहू महाराज गादीवर आहेत.

इथं वळा. येताना बेंगाझीवरून येऊ, लिबियात. १९९८. अल-फतेह रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एच.आय.व्ही. झालाय. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर ठपका आहे की यांनीच मुद्दाम टोचला. फाशीची शिक्षा झालीय. डिसेंबर २००६ मध्ये ‘नेचर’नं मुलांच्या विषाणूंचं झाड छापलं. ही परदेशी मंडळी मार्च १९९८ मध्ये आली. झाडाच्या गाठी त्याआधीच्या. ती विमानातून उतरली तेव्हा विषाणू त्या रुग्णालयात आधीपासून फिरत होता, अस्वच्छ सुयांवाटे. यावर न्यायालयानं काय केलं? त्याच महिन्यात पुन्हा फाशी सुनावली. जुलै २००७ मध्ये ती माणसं सुटली, पण ती राजकीय वाटाघाटींमुळं. तरी एक गोष्ट या खटल्यात स्वच्छ दिसते. ‘यांनी नव्हे’ हे झाड कधीकधी ठामपणे म्हणू शकतं. ‘यांनीच’ असं म्हणायला त्याला अजून जमलेलं नाही.

गर्दीबद्दल मात्र ते बरंच बोलतं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळमध्ये २०१७ मध्ये वंशवृक्षावरून दिसलं की पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण होते ती सरासरी आठ-नऊ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून, आणि त्या पुरुषांना ती मिळते साधारण त्यांच्याच वयाच्या बायकांकडून. मग शाळेत मुलींना संयमाची व्याख्यानं देऊन भागत नाही. तिशीतल्या पुरुषांना तपासणीला आणून वेळेवर औषध द्यावं लागतं. पन्हाळा तालुक्यापुरतं बोलायचं तर प्रश्न असा पडेल: इथं आज होणाऱ्या नव्या लागणीच्या वाटा तालुक्यातच एकमेकींना मिळतात, की प्रत्येक वाट वेगळी बाहेर जाऊन पुण्या-मुंबईच्या फांदीला मिळते? पहिलं असेल तर पैसा इथं गावागावांत खर्चायचा, दुसरं असेल तर महामार्गावर आणि साखर कारखान्यांच्या गाडीतळांवर. हे ठरवायला नमुने नावाशिवाय, लोकांना विचारून आणि सगळीकडचे हवेत.

डिसेंबर २०२५. तुम्ही पुन्हा कोल्हापूरच्या केंद्रात, समुपदेशकाच्या खोलीबाहेर. दार अर्धवट उघडं आहे. अहवाल आलाय, गोळी बदलायची की तीच नेमानं घ्यायची यावर बोलणं झालंय. बाई उठत नाही.

“म्याडम, ह्या तपासात समदं कळतंय म्हणं. मग येवढं सांगा, कुणाकडनं कुणाला आला?”

“मावशी, ते यातून नाही सांगता येत.”

“का न्हाई? मालक दोन हजार तीन साली गेलं. त्यास्नी औषध मिळालंच न्हाई.”

“हो. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळायला लागलं एप्रिल २००४ पासून.”

“तवापास्नं सासरची माणसं म्हणत्यात, हिनंच आणला. मी कोल्हापूरच्या पल्याड कधी गेलो न्हाई. मालक आधी मुंबईत, मग ट्रकवर. तुमच्या कागदावर तसं लिवून आलं, तर तोंडं बंद हुतील.”

“मालकांचं रक्त कुणी ठेवलेलं नाही, मावशी. ठेवलं असतं, तरी दोघांचा विषाणू एका घरातला, एवढंच दिसलं असतं. मधे आणखी कोण होतं, आधी कुणाला झाला, ते कोर्टात टिकेल असं कुणी लिहून देणार नाही.” समुपदेशक जरा थांबते. “ते घर सोड म्हणतात का?”

“म्हणत्यात तर. दीर म्हणतो, खोली मोकळी कर, पोराचं लगीन हाय.”

“कायदा आहे. २०१७ चा, एच.आय.व्ही.चा. त्याच्या कलम २९ मध्ये आहे, राहत्या घरातून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. घरातलं सगळं वापरायचा हक्क तुम्हाला आहे. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट मिळतो, मी चिठ्ठी देते.”

“त्यात कुणी आणला, ते लिवाय लागतंय?”

“नाही. ते कुठंच लिहायचं नाही.”

“मग येवढं कलम मोठ्या अक्षरांत लिवून द्या. आज वस्तीच्या गाडीनं दीर येतोय, त्येला दावतो.”